करवतीच्या खालच्या टोकाला

त्या सकाळी बाबांनी माळ्यावरची मोठी करवत खाली काढायला लावली. आई कुरकुरली. वय काय, थंडी काय, वखारीत यंत्र येऊन वीस वर्षं झाली, आता कुणाला दाखवायचंय, असं तिचं म्हणणं. पण वखारवाल्यांचा निरोप आला होता. पुरात वाहून आलेला एक ओंडका त्यांनी घेऊन ठेवला होता आणि तो इतका जाड निघाला, की यंत्राच्या पट्ट्यावर चढेना. मधोमध एक उभा काप हातानं घेतला, तर पुढचं काम यंत्र करणार होतं. ओंडका खड्ड्यावर टाकून, एकानं वर आणि एकानं खड्ड्यात उभं राहून करवत चालवणारी माणसं गावात दोनच उरली होती. एक बाबा, दुसरे मोठे काका, म्हणजे बाबांचे सख्खे थोरले भाऊ. निरोप दोघांनाही गेला होता. दोघं एकत्र येणार नाहीत हे वखारवाल्यांनाही ठाऊक होतं. एकतीस वर्षं त्या भावांमध्ये बोलणं नव्हतं.

घरं मात्र एकाच भिंतीची. काकांनी पलीकडे खाट सरकवली, की आमच्या फडताळातल्या बश्या वाजायच्या.

बाबा अंगणात बसून करवतीच्या दातांना कानस लावत होते. आईनं विचारलं, वर कोण उभं राहणार? बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी चार दिवसांच्या रजेवर आले होते. शहरातल्या ग्रंथालयात सोळा वर्षं पुस्तकांची देवघेव करते मी. हातानं उचललेली सगळ्यात जड वस्तू म्हणजे शब्दकोश.

"मला कुठे येतं, बाबा?"

"वरच्याला काय यायचंय? उचलायची आणि सुतावर नजर ठेवायची. कापतो तो खालचा."

वखारीत ओंडका खड्ड्यावर आडवा टाकून, पाचरी ठोकून, वर कापाची रेघ दाखवणारं सूत मारून तयार ठेवला होता. फाटकाजवळ बसलेल्या म्हाताऱ्या हमालानं बाबांना पाहिलं आणि म्हणाला, "सावकाश आले. म्हणजे आज काही घरी जायला मिळत नाही." बाबा हसले. त्यांना गावात 'सावकाश' याच नावानं ओळखत. माझ्या लग्नात एकानं भेटवस्तूवरही तेच लिहिलं होतं.

बाबा खड्ड्यात उतरले. पायऱ्या सात. मी ओंडक्यावर चढले आणि वरची मूठ धरली. ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांना वाटतं, की वरचा माणूस करवत ढकलतो. तसं नसतं. वरचा नुसती उचलतो. खालचा सगळ्या अंगानं ती ओढतो, तेव्हा लाकूड कापलं जातं आणि सगळा भुसा खालच्याच्या तोंडावर पडतो. पहिल्याच ओढीला मी ओंडक्यावरून पुढे गेले. अडुसष्ट वर्षांच्या माणसाच्या दंडात एवढं बळ असेल असं मला वाटलं नव्हतं.

अठरा ओढी झाल्या आणि हातातली मूठ जड झाली.

"थांबली जरा करवत," खालून आवाज आला.

करवत्यांमध्ये हे असंच म्हणायचं असतं. जोडीतला कुणी थांबला असं कधी म्हणत नाहीत. एकाची ओढ सैल पडली, की दुसऱ्यानं त्याच क्षणी हात सोडायचा आणि म्हणायचं, करवत थांबली. आधी कोण थांबलं हे खड्ड्याबाहेर जात नाही. बायकोलाही सांगत नाहीत. लिहिलेला नियम नव्हता तो, पण तो मोडणाऱ्याला पुन्हा जोडीदार मिळत नसे.

तो मोडला मी. आणि त्या वेळी मी नऊ वर्षांची होते.

त्या हंगामात नदीवर पूल होत होता आणि वखारीत लाकडाची रीघ लागली होती. एका वेळी चार खड्डे चालायचे. बाबा आणि काका पहिल्या खड्ड्यावर, काका वर, बाबा खाली. मी त्यांचं पाणी आणि डबा घेऊन जायची आणि संध्याकाळपर्यंत फळ्यांच्या थप्पीवर बसून राहायची. मला नुकतंच मोजायचं वेड लागलं होतं. कौलं मोजायची, कावळे मोजायची, आई किती वेळा 'अगं बाई' म्हणते ते मोजायची. त्या दिवशी मी कोळशाच्या तुकड्यानं झाडाच्या सालीवर रेघा ओढत बसले. थप्पीवरून मला दोघांचे हात दिसत. करवत थांबली की आधी कुणाची मूठ सैल झाली ते पाहायचं आणि त्याच्या बाजूला एक रेघ. दुपार टळल्यावर दोघं हातपाय धुवायला हौदावर गेले. वखारवाले पहिल्या खड्ड्याशी आले. बाकीच्यांपेक्षा इथलं काम मागे होतं. सकाळी त्यांनी दोघांना विचारलंही होतं, की तुमच्यातलं कोण मागे पडतं. दोघंही गप्प राहिले होते. आता त्यांनी माझ्याकडे पाहून हसत विचारलं, काय लिहितेस गं एवढं?

मी साल पुढे केली. "बाबा एकोणचाळीस. काका एकही नाही."

मला वाटलं, शाबासकी मिळेल. मिळाली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. काका हौदावरून परत येत होते. वखारवाल्यांच्या हातातली साल त्यांनी पाहिली, आणि माझे काळे झालेले हात.

दुसऱ्या दिवशी जोडी मोडली. काकांना दुसरा, दांडगा जोडीदार दिला. बाबांना दातांना धार लावण्याचं आणि बारीक फळ्या कापण्याचं काम मिळालं; त्यासाठी जोडीला आई. बायकोबरोबर करवत धरणारा माणूस म्हणून चार खड्ड्यांवरची माणसं महिनाभर हसत होती. 'सावकाश' हे नाव त्याच आठवड्यातलं. वखारवाल्यांनी बाबांना सांगताना आकडाही सांगितला होता. एकोणचाळीस वेळा, मोजून.

त्या संध्याकाळी बाबा काकांच्या दारात उभे राहिले. आई त्यांच्या मागे, आईच्या मागे मी.

"दादा, तू मोजलंस?"

काकांनी बाबांच्या खांद्यावरून एकदाच माझ्याकडे पाहिलं.

"हो," ते म्हणाले. "मी मोजलं."

बाबा त्या दारात पुन्हा गेले नाहीत. मी नऊ वर्षांची होते, हे कारण मला एक-दोन वर्षं पुरलं. पुढची एकोणतीस वर्षं मी मोठी होते.

ओंडक्यावर उभी राहून मी खाली पाहिलं. बाबा मान मागे टाकून, डोळे मिटून उभे होते. भुवया, मिशा, कानाच्या पाळ्या भुशानं पिवळ्या झाल्या होत्या. तोंड उघडं. धापेचा आवाज नव्हता. ते नुसते उभे होते, वाट पाहत असल्यासारखे.

"बाबा," मी म्हणाले.

"काय गं?"

इतकं जवळ आलं होतं ते. फक्त जीभ उचलायची होती.

"काही नाही. सूत सुटतंय का बघत होते."

"सुटणार नाही. तू वर आहेस ना," ते म्हणाले आणि त्यांनी करवत ओढली.

उन्हं उतरेपर्यंत काप पुरा झाला. ओंडका दुभंगला तेव्हा आत लालसर, ओलं लाकूड निघालं, आणि हमाल उठून पाहायला आला. बाबा पोटभर जेवले, माझ्या तळहाताला आलेले फोड पाहून हसले, आणि उद्या त्यावर काय लावायचं ते सांगून झोपले. एवढाच तो दिवस.

सकाळी अंगात ताप होता. तिसऱ्या दिवशी ओठ निळे दिसायला लागले, तेव्हा आम्ही गाडी करून त्यांना शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. छातीचा फोटो काढला. उजवी बाजू फोटोत असते तशी काळी, आणि डावी अर्धी छाती पांढरीफटक, चुना ओतल्यासारखी. पाळीवरचा तरुण डॉक्टर म्हणाला, पाणी झालंय, काढायला हवं. त्यानं बाबांना पुढे वाकवून बसवलं आणि बरगड्यांमधून सुई घातली. काही आलं नाही. दोन बोटं खाली पुन्हा घातली. तिथेही नाही.

"या विहिरीला पाणी नाही, डॉक्टर," बाबा वाकलेल्या अवस्थेतच म्हणाले. "दुसरीकडे खणा."

तरुण डॉक्टर हसला नाही. तो घाबरला होता. त्यानं मोठ्या डॉक्टरबाईंना बोलावलं. त्यांनी फोटो उजेडासमोर धरला, खाली घेतला, पुन्हा धरला. मग बाबांना यंत्रात घालून छातीचे आडवे आडवे काप घ्यायला सांगितले. काप हाच शब्द त्यांनी वापरला. बाबांना तो आवडला.

संध्याकाळी बाईंनी आई आणि मला त्यांच्या खोलीत बसवलं. पडद्यावर करड्या रंगाची चित्रं होती. बाईंनी पेन टेकवून दाखवलं: ही श्वासनळी, खाली येते, आणि इथं तिच्या दोन फांद्या व्हायला हव्यात. एक उजवीकडे जाते. डावीकडची फांदीच नाही. त्यामुळे डावं फुप्फुस नाही.

आईनं विचारलं, "मग ते गेलं कुठे?"

"गेलं नाही, मावशी. आलंच नाही. आईच्या पोटात असताना तयारच झालं नाही."

"भुशानं खाल्लं असेल."

"भुशाचा काही संबंध नाही. हे जन्माला आले तेच एका फुप्फुसावर."

आई खुर्चीच्या कडेला बसली होती. ती आणखी पुढे सरकली. बाई सांगत होत्या, की अशी मुलं बहुतेक लहानपणीच जातात, किंवा सारखी आजारी असतात, म्हणून कळतं. काही थोडी जगतात आणि त्यांना स्वतःलाही पत्ता लागत नाही. एकटं उरलेलं फुप्फुस वाढत जातं. त्यांनी पेन उजवीकडून डावीकडे नेलं. हे बघा, बाईंचा आवाज खाली आला, हे छातीचं मधलं हाड ओलांडून पलीकडे गेलंय. रिकाम्या जागेत जेवढं पसरता येईल तेवढं पसरलंय. आणि हृदयाला त्यानं बाजूला सारून पार डावीकडे, मागे, पाठीला टेकवलंय.

मी त्या चित्राकडे पाहत राहिले. पावसाळ्यात शाळेच्या वाटेवरचा ओढा भरला, की बाबा मला पाठुंगळी घेऊन पलीकडे सोडायचे. त्यांच्या डाव्या पाखाच्या, म्हणजे खांद्यामागच्या हाडाखाली मी कान लावायची. तिथे ठोके ऐकू यायचे, मोठे, अगदी कातडीशी. माणसाचं हृदय पाठीत असतं अशीच माझी समजूत होती. पुढे शाळेत चित्रात ते समोर दाखवलेलं पाहिलं, तेव्हा मला वाटलं होतं, चित्र चुकलंय.

"काम काय करायचे हे?" बाईंनी विचारलं.

आईनं सांगितलं. बाईंना खड्डा आणि करवत कळेना. तेव्हा आई उठून उभी राहिली. दोन्ही हात डोक्यावर नेले, न दिसणारी मूठ पकडली आणि गुडघे वाकवून ती खाली ओढली. पुन्हा हात वर, पुन्हा खाली. तीनदा, चारदा. तिच्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या.

"असं. दिवसभर. तोंडावर भुसा पडत असायचा," ती म्हणाली.

बाईंनी पडद्याकडे पाहिलं आणि स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "मला दोन फुप्फुसं आहेत आणि मी तिसऱ्या मजल्यावर चढून आले की टेबलाला धरून उभी राहते."

दुसऱ्या सकाळी त्या दहा-बारा शिकाऊ डॉक्टरांना घेऊन बाबांच्या खाटेशी आल्या. एकेकानं पाठीवर नळी लावून ठोके ऐकले. एक मुलगी ऐकून बाजूला झाली आणि रांगेत पुन्हा शेवटी जाऊन उभी राहिली. बाईंनी बाबांचा तळहात उलटा करून त्यांना दाखवला. मुठीच्या घट्ट्यांवर त्या बोट फिरवत होत्या. आमच्या गावात त्या हाताकडे असं कधी कुणी पाहिलं नव्हतं. मीही नाही. मी पुष्कळ वाचलंय. डोंगर चढणाऱ्यांबद्दल, समुद्र ओलांडणाऱ्यांबद्दल. माझ्या शेजारी बसून चहा बशीत ओतून पिणारा माणूस रोज काय ओलांडत होता, हे मला माहीत नव्हतं. पूर्ण दिवस, अर्ध्या छातीनं, आणि एकोणचाळीसच वेळा थांबला होता तो. मी रेघा चुकीच्या बाजूनं ओढल्या होत्या. मोजायच्या होत्या त्या ओढी.

बाबांना बाईंनी समजावून सांगितलं तेव्हा ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे बांधताना एक खोली कमीच बांधली. तरी म्हटलं, पाहुणे आले की दाटी का होते." आणि थोड्या वेळानं, आई पाणी आणायला गेली तेव्हा, मला जवळ बोलावून म्हणाले, "दादाला सांगून ये."

"काय सांगू?"

"हेच. त्यानं मोजलं ते बरोबरच होतं, त्यात खोट नव्हती. पण मी अंग चोरत नव्हतो. मला नेहमी वाटायचं, सगळ्यांनाच असं होत असेल, आणि बाकीचे दम धरत असतील. मलाच धरता येत नाही." त्यांनी श्वास घेतला. "त्याला एवढं कळलं की पुरे."

त्या क्षणी सांगायचं होतं. मी त्यांच्या नाकावरची नळी नीट केली आणि गावी गेले.

काका अंगणात खाटेवर बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, जन्मापासून? मग ते उठले, अंगणाच्या कडेपर्यंत गेले, परत आले.

"मी वर असायचो," ते म्हणाले. "उचलायचो नुसतं. कापायचा तो. सांग तुझ्या बापाला, की दादा म्हणाला, वजन तू ओढलंस." मग त्यांनी विचारलं, "तू सांगितलंस का त्याला?"

"नाही."

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "तुझ्या हाताला कोळसा लागला होता," एवढंच म्हणाले. "एवढासा हात होता."

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळेला काका दवाखान्यात आले. धुतलेला सदरा, हातात संत्र्यांची पिशवी. आईनं त्यांना दारातच अडवलं. झोपलेत ते, असं म्हणाली. बाबा झोपले नव्हते. त्यांच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा लावला होता आणि डोळे उघडे होते, पण खाट दाराच्या आड होती. काकांनी पिशवी बाकावर ठेवली आणि ते जिना उतरून गेले. मी आईच्या मागे उभी होते. एकतीस वर्षांपूर्वी होते तशीच.

बाबांनी काकांचा निरोप मात्र ऐकला. मी कानाशी वाकून तो जसाच्या तसा सांगितला. त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली, एखादं लाकूड पसंत पडल्यावर हलवायचे तशी.

नवव्या दिवशी पहाट उजाडताना त्यांचा श्वास लांब लांब होत गेला. मी खाटेशी होते. दोन श्वासांमध्ये अंतर पडायचं, मी वाट पाहायची, आणि तो यायचा. मग एकदा आला नाही. यंत्रं होती, माणसं धावली, पण मला आधीच कळलं होतं. पाठीखाली हात घालून मी डाव्या पाखाशी तळहात ठेवला होता.

बाईंनी स्वतः खाली येऊन आईचा हात धरला. त्यांनी काही सांत्वन केलं नाही. म्हणाल्या, "इतकी वर्षं हे शरीर कसं चाललं, मला सांगता येणार नाही. मी वाचेन, शोधेन. पण सांगता येईल असं वाटत नाही."

दुपारी आम्ही त्यांना घरी आणलं. अंगण भरलं होतं. वखारवाले आले होते, म्हातारा हमाल आला होता. बाबांना एकच फुप्फुस होतं, ही गोष्ट आमच्या आधी गावात पोचली होती. माणसं हळू आवाजात तीच बोलत होती, आणि 'सावकाश' हे नाव कुणी घेत नव्हतं. हमाल भिंतीशी उकिडवा बसून पुन्हा पुन्हा म्हणत होता, "आणि आम्ही हसायचो. आम्हाला दोन-दोन असून आम्ही हसायचो."

उचलायची वेळ झाली. तिघं पुढे झाले. चौथी जागा डावीकडची, मागची. काका फाटकातून आत आले, हात पुसत सरळ त्या जागेशी गेले आणि वाकले.

आई तोवर रडली नव्हती. ती उठली.

"भावजी, हात लावू नका."

काका वाकलेलेच थांबले.

"ज्यानं यांचे श्वास मोजले," आई म्हणाली, "त्यानं यांना उचलायचं नाही. एका फुप्फुसाचा माणूस होता माझा. तुम्ही भाऊ होतात. तुम्ही वर उभं राहून मोजत होतात."

काका सरळ उभे राहिले. मी त्यांच्याकडे पाहत होते; त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही. हात मागे घेऊन ते फाटकाकडे वळले, चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, एक पाय किंचित ओढत. वखारवाले चौथ्या जागेसाठी कुणाला तरी खुणावत होते.

मी आईच्या मागून पुढे आले. बाबांच्या पायांशी उभी राहिले, सगळ्यांना दिसेन अशी. आवाज फुटला, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा मोठा फुटला.

"काका, थांबा. आई, काकांनी एक रेघसुद्धा ओढली नव्हती. ते खोटं बोलले, मला वाचवायला. बाबांना मोजलं ते मी."